उत्परिवर्तकता शिकायची तर एमएक्सपासून

क्लोरीनयुक्त पाण्यातील उपपदार्थांची उत्परिवर्तकता (जनुकांत बदल घडवण्याची क्षमता) अभ्यासताना बहुतेक नवखे क्लोरोफॉर्मपासून सुरुवात करतात. माझ्या मते, फिनलंडमध्ये आधी कागदलगद्याच्या विरंजनद्रवात आणि १९८० च्या दशकात पिण्याच्या पाण्यात सापडलेला एमएक्स हा क्लोरोहायड्रॉक्सीफ्युरॅनोन (वलयाकार रेणूचा क्लोरीनयुक्त पदार्थ) तुम्ही आधी घ्यावा. क्लोरोफॉर्म पाण्यात कितीतरी पटींनी अधिक असूनही एम्स चाचणीत (जिवाणूंवर उत्परिवर्तकता तपासण्याच्या चाचणीत) जवळजवळ निष्प्रभ ठरतो, तर लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजला जाणारा एमएक्स टीए१०० या त्या चाचणीतील जिवाणुवाणावर विलक्षण प्रभावी ठरतो.

या रेणूचा एकेक गट बदलून पाहा. चौथ्या कार्बनवरील डायक्लोरोमिथिल गटाच्या जागी केवळ क्लोरीन आला की म्युकोक्लोरिक आम्ल मिळते आणि प्रभाव प्रचंड घसरतो; तिसऱ्या कार्बनवरील क्लोरीन किंवा पाचव्यावरील हायड्रॉक्सिल काढल्यासही तो घटतो. ईएमएक्स या एमएक्सच्या भौमितिक समघटकात तर अणू तेच असतात, पण वलय मिटू शकत नाही आणि तो बराच दुबळा ठरतो. म्हणून क्लोरीन नुसते मोजत बसू नका. ते कुठे आहेत ते पाहा.

सामू (पीएच) मात्र प्रत्येक वेळी नोंदवा, कारण आम्लात मिटलेले एमएक्सचे वलय उदासीन पाण्यात उघडते. शरीरातील चयापचयाची नक्कल करण्यासाठी चाचणीत वापरला जाणारा यकृत-अर्क घातल्यास एमएक्सचा प्रभाव कमी होतो, म्हणून चाचणी अर्काशिवायही करावी.