टोरेसचा खेळ का ओसरला?

प्रश्न : लिव्हरपूल हा इंग्लिश फुटबॉल क्लब सोडून चेल्सी क्लबात गेल्यावर स्पॅनिश आघाडीवीर फर्नांडो टोरेसचा खेळ एकाएकी का ओसरला?

उत्तर : एकाएकी नव्हे, दुखापतींनी त्याचा वेग आधीच घटला होता. शिवाय लिव्हरपूलमध्ये मधल्या फळीतला स्टीव्हन जेरार्ड प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीच्या मागे चेंडू सोडत असे आणि टोरेस त्यावर धाव घेत असे, तशी धाव घ्यायला चेल्सीच्या खेळात फारशी जागाच नव्हती. जानेवारी २०११ मध्ये ५ कोटी पौंडांना आलेल्या टोरेसचा पहिला गोल थेट एप्रिलमध्ये झाला, तोही वेस्ट हॅमविरुद्ध, पावसाने तुंबलेल्या मैदानावर चेंडू पाण्यात अडकला तेव्हा. तरीही त्याला अपयशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर अखेरच्या क्षणी एकट्याने धावत जाऊन, गोलरक्षकाला चकवून त्याने केलेल्या गोलाने चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेत चेल्सीची अंतिम फेरी पक्की झाली आणि पुढे तिचा करंडकही चेल्सीनेच उंचावला.