नवीन आणलेला ऑस्कर मासा काहीच खात नाही, जिवंत गोल्डफिश टाकू का?

नका टाकू भाऊ. दुकानवाला सांगते, यूट्यूबवाला सांगते, तरी नका टाकू.

आमचं गाव साकोलीजवळ. दिवाळी झाल्यावर नागपूरवरून एस.टी.नं पिशवीत बोटभर ऑस्कर आणला, तर टँकमध्ये सोडल्याबरोबर तो कोपऱ्यात आडवा पडला. ऑस्कर रुसला की असाच मेल्यासारखा पडते, माहीत नसणारा घाबरते. तेव्हा आमचे भाऊजी मुक्कामी होते, आणि त्यांच्याकडं फ्लॉवरहॉर्न, म्हणजे तो कपाळावर टेंगूळवाला मासा, आहे म्हणून घरात त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणे, "शिकारी मासा हाय बाप्पा, शिकार दिसल्याशिवाय भूक कशी लागंल?" आन् आणलेल्या गोल्डफिश कोणाले न विचारता टाकून मोकळे. त्या गोल्डफिशनं आमच्या माशाचे दाणे खाल्ले आणि आमचा मासा फिल्टरच्या मागं जाऊन लपला.

भाऊजी गेल्यावर मी गोल्डफिश काढल्या, टँकच्या तीन बाजूंनी पेपर लावला, लाइट बंद, पोरांना काचेवर टकटक करायची बंदी आणि खाणं तर टाकायचंच बंद केलं. खरं दुखणं थंड पाणी होतं. हा ॲमेझॉनकडचा मासा, त्याला २५ ते २८ डिग्री लागते, आमच्याकडं त्या दिवसांत रात्री काय गारठा असते आणि त्यात लाइन गेली की हीटर बंद, मग पोटातलंच पचत नाही तर वरून काय खाणार? पाणी गरम झाल्यावर बाजारात ढिवर बाया घेऊन बसतात ते झिंगे आणले, सोलून त्याच्या डोळ्याएवढा तुकडा दोऱ्याला बांधून संध्याकाळी हळूहळू हलवला. घेतला, थुंकला, परत घेतला. मग झिंग्याच्या पाण्यात भिजवलेले दाणे, मग कोरडे. आता हाताला झोंबते.

भाऊजी अजून म्हणतात, निसर्गात काय दाणे खाते का तो? अहो, निसर्गात तो किडे, झिंगे, गोगलगायीही खाते, नुसते मासे नाही. गोल्डफिश कार्पच्या खानदानातली, तिच्यात थायमिनेज असते, ते बी-१ व्हिटॅमिनची वाट लावते. शिवाय दुकानात त्या एका टँकमध्ये कोंबून ठेवलेल्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फुकटात घरी. आणि भाऊजी जी कोंबडीची कलेजी चारतात ना, तिच्यातली चरबी माशाला नीट पचत नाही, हे मी त्यांना ताईसमोर सांगितलं आहे.

हो, टँक नवाकोरा असेल तर आधी पाण्यातला अमोनिया तपासा, किट मिळते. पाणी खराब असेल तर झिंगा काय आणि गोल्डफिश काय, तोंड लावणार नाही. झिंगे आधी फ्रीजरमध्ये ठेवा, आणि कायम तेच चारू नका. आठवडाभर उपाशी राहिला तरी चांगला भरलेला ऑस्कर मरत नाही, पण पोट आत गेलं असेल आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा असेल तर वाट नका पाहू, ते पोटातल्या जंतूंचं काम असू शकते, त्याला औषधच लागते.