देव सगळीकडे आहे, मग तीर्थयात्रेला जायचंच कशाला?

देव सगळीकडे असेल, पण आपण सगळीकडे सारखे नसतो. घरी हुद्दा, कामं, हिशेब चिकटलेले असतात. यात्रा ते उतरवून ठेवायला लावते. हजला पुरुष दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं गुंडाळतात, मग मालक कोण नि नोकर कोण, ओळखू येत नाही.

मला सर्वांत भिडते ती जपानच्या शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची, सुमारे १,२०० किलोमीटरची वाट. एकट्या यात्रेकरूच्या अंगरख्यावरही ‘दोघे सोबत’ अशा अर्थाची अक्षरं असतात. दुसरे म्हणजे कोबो दाइशी, ज्यांच्या स्मरणात ही वाट चालतात ते बौद्ध संत. हातातली काठी हे त्यांचंच रूप. म्हणून मुक्कामी पोचल्यावर कितीही दमलेलं असलं तरी आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय.