मॉर्वेनस्टो: लाकडी खोपटं 'संरक्षित' कसं?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या सहलीत मॉर्वेनस्टो पॅरिशला (म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावाला) जायचंय, पण तिथल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत चर्चसोबत कबरी, शेतघरं आणि चक्क एक लाकडी खोपटं दिसतंय. हे सगळं आपल्या पुरातत्त्व खात्यासारखं सरकारी असतं का? तिकीट काढून आत जाता येतं का?

दोन्ही नाही. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारकाला खात्याची पाटी लागते आणि भोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद होतं. इंग्लंडच्या 'लिस्टेड' (म्हणजे संरक्षित यादीतल्या) इमारतीत मात्र बहुधा कुणाचा तरी संसार चालू असतो. घर त्याचं, छप्पर गळलं तर खर्चही त्याचाच. घराचं रूप बदलेल असं काही करायचं तर आधी स्थानिक कौन्सिलची संमती घ्यायची, हा मुख्य नियम. न विचारता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. अनेकांना वाटतं, नियम फक्त दर्शनी भागाला लागू. तसं नाही, आतला जिना आणि जुनी दारंसुद्धा त्यात येतात. आवारातला गोठा किंवा गडगा 1 जुलै 1948 च्या आधीचा असेल तर सहसा तोही आलाच. भोवती मीटर मोजून वर्तुळ आखलेलं नसतं. शेजारी कुणी बांधायला निघालं की परिसराला बाधा येते का, एवढं तपासतात.

दर्जे तीन: ग्रेड वन, ग्रेड टू-स्टार आणि ग्रेड टू. दहातल्या नऊ नोंदी ग्रेड टूच्या असतात. 1700 पूर्वीची आणि मूळ रूपाच्या जवळपास टिकलेली इमारत सहसा यादीत येतेच, म्हणून खेड्यांच्या याद्या एवढ्या लांब. ग्रेड वन बघून 'म्हणजे नक्की बघता येणार' असं मात्र समजू नका. याच पॅरिशमधलं टोनाकूम हे जुनं जमीनदारी घर ग्रेड वन आहे, पण ते खाजगी आहे. ते बेतातून काढूनच टाका.

आता मॉर्वेनस्टोबद्दल. कॉर्नवॉलचं अगदी उत्तर टोक, डेव्हनच्या हद्दीला लागून. विखुरलेल्या वाड्या, उघडे कडे, खाली अटलांटिक. इथे रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचा पाद्री 1830 च्या दशकाच्या मध्यापासून 1875 मध्ये मरेपर्यंत होता. कवी आणि पक्का विक्षिप्त. गावच्या यादीतलं जे बघण्यासारखं आहे, त्यातल्या बऱ्याचशावर याचीच छाप आहे. चर्चमधली आजची सुगीची प्रार्थना त्याने 1843 मध्ये रुळवली, असंही मानतात.

पाद्रीनिवास त्याने स्वतः बांधून घेतला. त्याच्या चिमण्या नीट बघा, एकीसारखी दुसरी नाही. त्याच्या आयुष्यात आलेल्या चर्चच्या मनोऱ्यांच्या त्या प्रतिकृती आहेत आणि स्वयंपाकघराची चिमणी म्हणे आईच्या कबरीवरून घेतलेली! हे घरही खाजगी आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायचं.

चर्च ग्रेड वन. आत शिरताना नॉर्मन काळातली (साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली) कमान लागते, तिच्यावरची नागमोडी नक्षी जवळ जाऊन बघण्यासारखी आहे. चर्च ऑफ इंग्लंडची स्वतःची परवानगी-व्यवस्था असल्याने चर्चमधल्या बदलांना वेगळा रस्ता आहे, पण तो कमी कडक आहे असं समजू नका. 1842 मध्ये 'कॅलेडोनिया' हे स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं आणि एक सोडून सगळे खलाशी गेले. वाहून आलेली प्रेतं वाळूतच पुरायची तोवरची रीत. हॉकर स्वतः किनाऱ्यावर उतरून ती गोळा करायचा आणि चर्चच्या आवारात रीतसर दफन करायचा. त्या जहाजाच्या नाळेवरची बाईची कोरीव मूर्ती, हातात तलवार आणि ढाल घेतलेली, आता चर्चच्या आत आहे. आवारात दिसते ती प्रतिकृती.

आणि तुमचं ते खोपटं. माझ्या मते सगळ्या यादीत बघण्यासारखं हेच. फुटलेल्या जहाजांची आणि वाहून आलेली लाकडं वापरून हॉकरने ते कड्याच्या उतारात खुपसलंय, वर गवताचं छप्पर, दार वर-खाली दोन फळ्यांचं. अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. इथे बसून तो कविता लिहायचा आणि अफू ओढायचा म्हणतात. आतल्या फळ्यांवर जुन्या-नव्या लोकांनी नावं कोरून ठेवलीत (तुम्ही कृपया त्यात भर घालू नका). वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या मालकीची ही सगळ्यात छोटी वास्तू. इथे तिकीट वगैरे काही नाही. खाऱ्या वाऱ्यात लाकूड टिकत नाही, डागडुजी करत राहावीच लागते. यादीत नाव आलं म्हणून फळी कुजायची थांबत नाही. ती बदलायची वेळ आली की मूळ रूप जाणार नाही, एवढं यादी बघते.

गाडी चर्चजवळ लावा, चर्च बघा, मग शेतातून कड्याकडे चालत जा. किनाऱ्याची पायवाट लागली की दक्षिणेकडे वळा, थोडं पुढे गेल्यावर उतारात खोपटं सापडेल. त्याच पायवाटेने आणखी पुढे गेलात तर ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याच्या अँटेनांच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्याही दिसतात. पाऊस पडून गेला असेल तर चिखलाचे बूट हवेतच, आणि मुलं बरोबर असतील तर कड्याच्या कडेला त्यांचा हात सोडू नका, बहुतेक ठिकाणी कठडा नाही.