साडेपाच महिन्यांच्या बदकाची अंडी मऊ येतात, दुसरी मादी अंडं न घालता नुसती उभी आहे. काय करावं?

आधी दुसऱ्या मादीचं बोलू, कारण तिच्याकडे वेळ कमी आहे. तुम्ही लिहिलंय की ती सकाळपासून कोपऱ्यात उभी आहे, शेपटी वरखाली करते, कुंथते आणि खात नाही. ही अंडं अडकल्याची लक्षणं आहेत. आजच तिला पक्षी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, उद्यावर टाकू नका. निघेपर्यंत टबात कोमट पाणी घ्या. आपल्या कोपराला सुखद लागेल इतपतच कोमट हवं. त्यात तिला वीसेक मिनिटं बसवा, मग पुसून उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. पोट दाबू नका आणि बोट घालून अंडं काढायला किंवा आत फोडायला जाऊ नका. कवचाचे तुकडे आतून कापतात आणि मग मोठा पक्षीसुद्धा वाचत नाही. कॅल्शियमचं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या, अंदाजाने पाजू नका.

हे इतकं ठासून सांगतेय, कारण मी माझी पहिली मादी अशीच घालवली. आम्ही गोव्यात साखळी गावी राहतो. गणेश चवथीची गडबड चालू होती, बाहेर पाऊस, आणि ती पिसं फुगवून भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं गारठलीय. दुसऱ्या सकाळी मेलेली सापडली. डॉक्टरांनी उघडून दाखवलं तेव्हा आत एक मऊ अंडं होतं.

तुमच्या दोन्ही माद्यांचं दुखणं बहुधा एकच आहे. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. बदकाच्या एका अंड्यासाठी मादीच्या अंगातून साधारण २ ते ३ ग्रॅम कॅल्शियम जातं. तुम्ही देता तो उकडा भात, पेज, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा पाव आणि कोंडा. १०० ग्रॅम भातात जेमतेम १०-२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, म्हणजे तोल आणखीच बिघडतो. मग मादी हाडांतला साठा काढून कवच बनवते आणि तोही संपला की साल पापुद्र्यासारखी येते. शिवाय अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकसायला कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं की स्नायू ढिले पडतात, आणि मऊ अंड्यावर त्यांना नीट जोरही लावता येत नाही.

पहिली दोन-तीन अंडी वेडीवाकडी येणं मात्र नव्या मादीत चालतं. अंगाला अजून सवय झालेली नसते. तिसऱ्या-चौथ्यानंतरही साल मऊच राहिली तर ती आहाराची तक्रार समजा.

यावर लोक सांगतात, लेअर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, चालू करा. मी तुमच्या घरी तसं करणार नाही. त्यात साधारण साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. अंडी घालणाऱ्या मादीला ते पचतं, पण तुमचा नर अंडी घालत नाही. त्याला आणि वाढत्या पिल्लांना महिनोन्‌महिने तेच दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. खाद्यात मिसळू नका. मादीला गरज असेल तेव्हा ती स्वतः येऊन खाते, नर बहुतेक फिरकत नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं.

शिंपले आपल्याकडे विकत आणायचीही गरज नाही. तिसऱ्या, खुबे असे शिंपल्यांचे प्रकार जेवणात घरी होतातच. कवचं उकळून, कडक उन्हात वाळवून जाडसर कुटा. पीठ करू नका. जाड तुकडे पोटातल्या पेषणीत हळूहळू विरतात. कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे, कारण बदकं पहाटे अंडी घालतात. म्हणून मी संध्याकाळी वाडगा भरलेला आहे ना ते बघते. किनाऱ्यावर सापडणारं समुद्रफेन, म्हणजे माणकीचं हाड, तेही चालतं, फक्त गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढून घ्या. पानाचा चुना मात्र चुकूनही देऊ नका. शिंपल्यापासूनच होतो म्हणून शेजारचे सुचवतील, पण तो अन्ननलिका भाजतो.

पालेभाजीत शेवग्याचा पाला उत्तम. पालक आणि तांबडी भाजी रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून टाकतं. आणि ऊन हवंच. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पावसाळ्यात बदकं दिवसभर पत्र्याखाली असतील तर डॉक्टरांना डी-३ बद्दल विचारा. त्याच दिवसांत खाद्याची पिशवी दमटते, तीही बघत चला. बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर बाधतं. वास आला की ते खाद्य सरळ टाकून द्या.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला खटकली. खुराड्यावर रात्रभर ट्यूब जळते. बदकाचं अंग उजेडाच्या तासांवरून अंडी घालायचं ठरवतं. आपल्याकडे जूनमध्येही दिवस तेरा तासांचाच असतो. रात्रभर उजेड राहिला तर कोवळी मादी अंग पुरतं भरण्याआधीच अंड्याला लागते आणि मध्ये विसावा मिळत नाही. मुंगसाची भीती असेल तर बारीक जाळी आणि कडी लावा, पण ट्यूब आज रात्रीपासून बंद करा. दुसरी मादी घरी परतली की तिला काही दिवस नरापासून वेगळं, पण दोघं एकमेकांना दिसतील असं ठेवा.