कोर ३२ की १६?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या ऑफिसात मागच्या महिन्यात एक रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला. उबुंटू लिनक्स टाकूनच आलाय, मॉनिटर नाही, मी लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) आत जातो. बिलावर ३२ कोर, ६४ जीबी रॅम आणि १ टीबीच्या दोन डिस्क असं लिहिलंय. आत बघितलं तर रॅम ६२, डिस्क एकच आणि तीही ९३१ ची! फक्त कोर तेवढे बरोबर ३२ आहेत. डीलरने शेंडी लावली का? खोलून बघावं तर वॉरंटीचं सील आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सील अजिबात तोडू नका, सगळं बाहेरूनच कळतं. गंमत अशी की तुम्हाला जिथे संशय आलाय तिथे बहुतेक काहीच नाहीये, आणि जे बरोबर वाटतंय तिथेच मला शंका येतेय.

(कमांड उच्चाराप्रमाणे छापतोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, कमांडच्या नावामध्ये स्पेस नाही, पण 'सुडो' नंतर आणि जिथे सांगितलंय तिथे द्यायची.)

आधी 'एलएससीपीयू' चालवा. वरती सीपीयू ३२ दिसेल, तिथे थांबू नका, खाली तीन ओळी आहेत : सॉकेट (प्रोसेसरची चिप बसते ती जागा) किती, एका सॉकेटमध्ये कोर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती, एका कोरला थ्रेड (एका वेळी सांभाळायची कामं) किती. सॉकेट २, कोर ८, थ्रेड २ असं निघालं तर २ गुणिले ८ म्हणजे खरे कोर १६ च, बाकीचे १६ हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे एकाच कोरला दोन असल्यासारखं दाखवण्याचे. एकच माणूस दोन काउंटर सांभाळतो ना, तसं, थोडं जास्त काम उरकतं पण दुप्पट नक्कीच नाही. जुन्या मालाच्या बाजारात थ्रेड मोजून कोर म्हणून विकणं सर्रास चालतं, काही डीलरना तर खरंच फरक माहीत नसतो.

रॅमचं टेन्शन घेऊ नका. 'फ्री' ही कमांड जो आकडा दाखवते त्यातून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आपला वाटा आधीच बाजूला काढलेला असतो, म्हणून ६४ ची ६२ दिसते. खात्री हवी तर 'सुडो डीएमआयडीकोड' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने), मग स्पेस, डॅश टी, स्पेस, मेमरी. कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची कांडी आहे, कुठला रिकामा आहे, सगळं येतं. फक्त ही माहिती बायोसने (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) सांगितलेली असते, त्यामुळे कधीकधी सीरियल नंबरच्या जागी भलतंच काहीतरी लिहिलेलं सापडतं.

९३१ चं तर साधं गणित आहे, कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते आणि डिस्कची यादी देणारी 'एलएसबीएलके' कमांड १०२४ च्या. एकच डिस्क दिसतेय म्हणजे रेड कार्डाने (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) दोन्हींची मिळून मिरर केली असावी, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, 'एलएसपीसीआय' (मशीनमधल्या कार्डांची यादी) मध्ये रेडची ओळ दिसते का बघा.

पण दुसरी डिस्क आत खरंच आहे का, आणि मुख्य म्हणजे दोन्ही किती झिजल्यात, हे तपासाच, मी तर कोरपेक्षा यालाच जास्त महत्त्व देईन. त्यासाठी डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टमॉनटूल्स नावाचं पॅकेज टाका. 'सुडो स्मार्टसीटीएल' पुढे स्पेस देऊन दोन डॅश आणि स्कॅन लिहिलं की रेड कार्ड मेगारेड नावाच्या जातीचं असेल तर मागच्या डिस्कची यादी येते, मग त्या ओळीतलंच जसंच्या तसं घेऊन डॅश ए लावून एकेक डिस्क वाचायची. त्यात पॉवर ऑन अवर्स बघा. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे आकडा ४०,००० च्या वर असेल तर ती डिस्क साडेचार वर्षं कुठेतरी राबून आलीये. रिॲलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला टाकलेल्या जागा) शून्य नसतील आणि वाढतच असतील तर डिस्क बदलून मागा, आणि तोवर बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या, मिररच्या भरवशावर राहू नका.

हे सगळं आउटपुट फाइलमध्ये सेव्ह करून डीलरला मेल करा, फोनवर भांडू नका. आणि सुडो विसरलात तर डीएमआयडीकोड परमिशन डिनाइड म्हणेल, बरेच जण तिथेच घाबरून विंडो बंद करतात.