वाचकांचे प्रश्न : कॅम्पर व्हॅन आठ महिने कुठे उभी करावी?

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची कॅम्पर व्हॅन (आतच झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) १९ फूट लांब आणि छतावरच्या एसीसकट साडेनऊ फूट उंच आहे. मार्च ते ऑक्टोबर ती उभीच असते. तीन जागा मिळतायत : सोसायटीत कडुनिंबाखाली, मंगळवेढ्याकडे पाहुण्यांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या गोदामात. कुठली बरी? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : गोदाम. पण आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा दुपारी दोन-तीनच्या सुमारास आत जाऊन उभे राहा. सोलापुरात उभ्या गाडीला आधी ऊन खातं, पाऊस नंतर. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वारा खेळत नसेल तर पत्र्याखाली बाहेरपेक्षाही जास्त तापतं. छतावर वाऱ्याने फिरणारे गोल पंखे आहेत का, समोरासमोरच्या भिंतींना जाळ्या आहेत का, हे पाहा. नसतील तर टायरचं रबर, खिडक्यांची सीलं आणि प्लायचा डिंक, तिन्ही लवकर सुटतात.

नंतर टेप काढा. शटर पूर्ण उघडल्यावर त्याच्या खालच्या कडेपर्यंत साडेदहा फूट तरी मोकळे हवेत. उंबऱ्याच्या उतारावर गाडीचं नाक वर जातं आणि एसीचं झाकण नेमकं तिथेच अडकतं. खाली कोबा हवा. शेजारी काय साठवलंय तेही विचारा. सूत, चादरी, टॉवेलचे गठ्ठे असतील तर आग झपाट्याने पसरते. ॲसिड किंवा रंगाची रसायनं असतील तर वाफेने चासी गंजते. लोखंडी माल किंवा यंत्रांचे सुटे भाग ठेवणारं गोदाम त्यातल्या त्यात चांगलं.

शेत नको, कारण काळी माती. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, म्हणजे गाडी बाहेर काढायच्या तोंडावर पडतो. माती फुगते, चाकं रुततात. शेडमध्ये कडब्याची गंजी असली तर एक ठिणगी पुरे. युरियाची पोती असली तर गंज ठरलेला. शिवाय घुशी वायरिंग कुरतडतात, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे आतलं अर्धं फर्निचर उचकटावं लागतं.

कडुनिंब दिसायला सावलीचा. पण दुपारचं तिरपं ऊन टायरवर येतंच, पानं आणि लिंबोळ्या एसीच्या निचऱ्यात बसतात, पाणी तुंबून छताच्या सांध्यातून आत झिरपतं. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडली तर ती वेगळीच.

जागा ठरली की गाडीची तयारी. डिझेल टाकी जवळजवळ भरा, म्हणजे आत दमट हवा राहत नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय जास्त हवा भरा, मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. हँडब्रेक ओढू नका, पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात; गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा. महिन्यातून एकदा गाडी थोडी पुढे-मागे करा, टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. पाण्याच्या दोन्ही टाक्या आणि गीझर रिकामा करा, नळ उघडे ठेवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी लिटरला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून टाकी तासभर भिजवा, पांढरा थर निघतो; मग साध्या पाण्याने धुवा. फ्रिजचं दार फटीपुरतं उघडं राहू द्या. गॅस सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून गाडीबाहेरच, हवेशीर जागी उभा ठेवा.

उंदरांसाठी विष नको. पॅनेलमागे मेलेला उंदीर सापडत नाही, वास मात्र महिनाभर राहतो. पिंजरा लावा. पाइप-वायरींच्या भोकांत तारेची घासणी कोंबा. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावलीत तर स्टिअरिंगला लाल फीत बांधा, म्हणजे काढायची राहत नाही. वरून प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत वाफ धरते. सुती चादर पुरे.

प्रश्न : दोन्ही बॅटऱ्या गाडीतच ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : इंजिनची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. महिन्याने मोजा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली तर पुन्हा चार्ज करा. उन्हाळ्यात ती आपोआप जास्त वेगाने उतरते. गाडीतल्या दिवे-फ्रिजसाठीची लिथियम बॅटरी उलट, ५० ते ६० टक्के चार्जवर सोडवून घरी थंड खोलीत आणा. सोलर असेल तर आधी पॅनेलची वायर काढा, मगच बॅटरीची. उलटं केलंत तर सोलरचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर जळू शकतो.

प्रश्न : गाडी उभीच आहे, मग विमा बंद ठेवला तर?

उत्तर : ठेवू नका. चोरी आणि आग उभ्या गाडीलाही लागू आहे. मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो. गोदाममालकाशी करार लेखी करा : गाडीचा नंबर, भाडं, गेट किती वाजेपर्यंत उघडं, किल्ली कोणाकडे. गाडी आत लावताना चारही बाजूंचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका.